झालीचा मान मावशीला द्यायचा असं लेक म्हणतोय. मन कसं सांभाळू?

द्राक्षबाग_तासगाव:

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला आज बसले. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारताच येणार नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची बाग आहे, माल बेदाण्याला जातो. माझं लग्न बिजवराशी झालं. थोरली काविळीनं गेली तेव्हा लेक तीन वर्षांचा होता, मी घरात आले तेव्हा चार. आता सव्वीसचा आहे, चाकणला कंपनीत आहे. मला मूल झालं नाही. सासूबाईंनी नवससायास केले, पण मला स्वतःला त्याची फार हुरहुर नव्हती. घरात लेकरू होतं आणि माझा सगळा जीव त्याच्यात होता.

लहानपणी त्याला दम्याचा त्रास. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात, माल पिवळाधमक राहावा म्हणून. तो धूर घराकडं वळला की रात्री त्याची छाती वाजायला लागायची. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची, गळ्याखालचा खळगा खोल व्हायचा. आडवं केलं की त्याला श्वासच पुरायचा नाही, म्हणून मी भिंतीला टेकून बसायची आणि त्याला उभ्यानं छातीशी धरायची. ओठ निळसर दिसले की सांगलीला पळवायचं. शेवटी एका हंगामात मी यांच्याशी भांडून शेडच बंद करायला लावलं. तेव्हापासून आमचा माल दुसऱ्याच्या शेडवर जातो, भाडं भरून. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं की हिला शेडवरच्या बायकांचा चहापाण्याचा राबता नको होता. सासूबाई जाईपर्यंत तेच बोलत राहिल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही, लेकालाही नाही.

लेक वाईट नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर उत्तरं भलतीकडं जातील. मला मम्मी म्हणतो. कधी उलटून बोललेला नाही. दर महिन्याला पैसे पाठवतो, माझ्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत विचारतो. पण त्याला नोकरी लागली ते मला मिरजेच्या मावशीकडून कळलं. मुलगी पसंत केलीय हे मावशीला गौरी-गणपतीत माहीत होतं, आम्हाला दिवाळीत. घरी आला की जेवतो, बाग फिरतो, यांच्याशी पाणी-औषधावर बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन मुक्काम करतो. मावशी त्याच्या आईची सख्खी बहीण. दिसायलाही म्हणे तशीच.

लग्न अक्षय तृतीयेनंतर धरलंय, खरड छाटणी उरकून. परवा त्याचा फोन आला. "मम्मी, झाल मावशीच्या डोक्यावर घ्यायची का? तिची फार इच्छा आहे. तुला चालेल ना?" मी म्हणाले, चालेल की. तो म्हणाला, "मला माहीतच होतं, तू नाही म्हणायची नाहीस." आणि मग बसचं, हॉलचं बोलत राहिला.

दुसरीकडच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं लग्नात शेवटी, पाठवणीच्या आधी, वेळूच्या दुरडीत कणकेचे दिवे लावतात. मुलीकडची माणसं ती दुरडी वरमाईच्या डोक्यावर धरतात. आमची लेक आजपासून तुमच्या पदरात, असा त्याचा अर्थ. मग घरातल्या बाकीच्यांच्या डोक्यावर एकेक करून धरतात, पण पहिली वरमाईच. सगळा मांडव तेव्हा बघत असतो की या पोराची आई कोण.

मला तो मान मिळवून द्या असं मी म्हणत नाही. माझं विचारणं वेगळं आहे. आपला जीव ज्याच्यावर आहे, त्याचा आपल्यावर तेवढा नाही हे दिसल्यावर आपला जीव होता तसा कसा ठेवायचा? परवापासून माझ्या मनात हिशेब सुरू झालाय. कुठल्या रात्री जागले, काय सोडलं, कुणाचं ऐकून घेतलं. मला हा हिशेब नकोय. तो माझ्या बोलण्यात उतरेल, लग्नघरात उतरेल, त्या येणाऱ्या पोरीपर्यंत जाईल. ज्यांनी असं काही सोसलंय त्यांनी सांगावं.

येवल्याची_सुनंदा:

ताई, वाचून पोटात तुटलं. पण आधी रागावते. "चालेल की" कशाला म्हणालात? पुरुषांना, मग ते नवरे असोत की लेक, "चालेल" म्हटलं की ते प्रकरण संपलं असं वाटतं. त्यानं विचारलं होतं. विचारलं याचा अर्थ त्याच्या मनात थोडी तरी शंका होती.

आमच्या घरात दीराच्या लग्नात असाच तिढा होता. सासूबाई आणि दीराला लहानाची मोठी केलेली आत्या. दोघींना शेजारी बसवलं आणि दुरडी दोघींच्या डोक्यावर मिळून धरली. कुणाचं काही अडलं नाही. तुमच्या यजमानांना हे सांगा. ते काय करतायत या सगळ्यात? त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

आणि ते शेडचं लेकाला सांगाच. एवढं करून तोंडावर कुलूप का?

द्राक्षबाग_तासगाव:

सुनंदाताई, हे भले माणूस आहेत, पण थोरलीचं नाव निघालं की उठून बागेत जातात. त्यांच्याकडून हे होणार नाही. दोघींच्या डोक्यावर मिळून धरायचं सुचवलंत, त्याबद्दल आभार. पण मावशीच्या शेजारी अर्ध्या दुरडीखाली बसणं मला जमेल असं वाटत नाही. खरं ते लिहिते.

शेडचं नाही सांगणार. आज सांगितलं तर ते सांगणं राहणार नाही, वसुली होईल.

औसा_ते_ठाणे:

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. सावत्र मुलगा. त्यामुळं लिहू की नको असं वाटत होतं.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव झोपलं होतं. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं माळवद. पाऊस आत येऊ नये म्हणून दरवर्षी वर मातीचा थर चढवायचे. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. मी आणि वडील अंगणात होतो म्हणून राहिलो. आई आत होती.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हाच वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्या वर्षी-दोन वर्षांत अशी लग्नं आमच्या भागात बरीच झाली, दोन्हीकडची माणसं गेलेली. माझ्या दुसऱ्या आईचा नवरा आणि तान्हा मुलगा त्याच पहाटे गेले होते. ती हे कधी बोलली नाही. मला ते दहावीत असताना तिच्या भावाकडून कळलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. माझ्या आईचा एकही फोटो वाचला नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही. भाकरी थापताना दिसणारा हिरव्या बांगड्यांचा हात, एवढंच माझ्याकडं आहे. नवी आई पहिल्यांदा भाकरी थापायला बसली तेव्हा तिच्याही हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि मी ताट ढकललं. काही बोललो नव्हतो. पुढच्या बाजाराला तिनं लाल बांगड्या भरल्या. आजतागायत तिच्या हातात मी हिरवी बांगडी पाहिलेली नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही, जेव्हा सगळ्या बायकांनी हिरवा चुडा भरला होता.

एवढं ओळखणारी बाई. आणि तरी खरं सांगतो, तिचा माझ्यावर जितका जीव आहे तितका माझा तिच्यावर नाही. आजही नाही. सिनेमात शेवटी मुलगा येऊन पाया पडतो आणि म्हणतो तूच माझी खरी आई. माझ्यात ते कधी आलं नाही, आणि मी ते आणायचा प्रयत्नही केला. लहानपणी वाटायचं, हिच्यावर माया केली तर तो हात जाईल. माझ्याकडं तेवढाच होता. मोठेपणी भीती गेली, पण जी जागा रिकामीच ठेवली होती तिथं नंतर काही उगवलं नाही.

मात्र दुसरं काहीतरी आहे. बायकोला बाळंतपणात रात्री अचानक रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून पहिला फोन तिला केला. वडिलांना नाही, मित्रांना नाही. ती काही विचारत बसली नाही. "आले," म्हणाली आणि पहाटेच्या गाडीनं निघाली. मला पक्कं ठाऊक असतं की ती येणार. तुमचा लेक म्हणाला ना, "मला माहीतच होतं, तू नाही म्हणायची नाहीस"? ते तुम्हाला लागलं असणार, लागण्यासारखंच आहे. पण मला त्यात माझा तो फोन ऐकू आला. मावशीचं मन मोडेल अशी त्याला भीती आहे. तुमच्याबद्दल त्याला भीती वाटत नाही. याला प्रेम म्हणायचं का, मला खरंच सांगता येत नाही. तुम्हाला पुरणार नाही हेही कळतंय.

सुनंदाताईंच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. शेडचं लग्नाच्या तोंडावर सांगू नका. तान्ह्या मुलाचं मला मामांनी सांगितलं, तेव्हा मी बरेच महिने आईच्या नजरेला नजर देऊ शकलो नव्हतो. माया वाढली नाही, ओझं वाढलं.

वकील_सातारा:

ताई, तुम्ही हे विचारलेलं नाही, तरी लिहिते. माझ्याकडं अशा बायका येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हिंदू वारसा कायद्यात, १९५६च्या, सावत्र आईला सावत्र मुलाची आई म्हणून पहिल्या वर्गात जागा नाही. ती येते "वडिलांची विधवा" म्हणून, दुसऱ्या वर्गात, बरीच खाली. यजमानांच्या मिळकतीत मात्र तुमचा आणि लेकाचा दोघांचाही हक्क पहिल्या वर्गातला आहे. म्हणून बागेच्या सातबाऱ्यावर आज कुणाची नावं आहेत, घर कुणाच्या नावावर आहे, वडिलार्जित किती आणि यांनी स्वतः घेतलेलं किती, एवढं बघून ठेवा आणि यजमानांना धडधाकट असतानाच मृत्युपत्र करायला सांगा. तुमच्या वाट्याला जे येईल ते तुमच्यामागं, तुम्ही दुसरं काही लिहून ठेवलं नाहीत तर, यजमानांचा वारस म्हणून लेकाकडंच जाईल. म्हणजे त्याचं काही हिरावून घेताय असं मनात आणायचं कारण नाही.

निर्वाहाचं म्हणाल तर कायदा तुमच्या बाजूनं जास्त स्पष्ट आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा "पालक" म्हणताना सावत्र आईला नाव घेऊन धरतो, आणि पालकाला साठ वर्षं पूर्ण असण्याची अट नाही. अर्ज प्रांताच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडं करतात. १९५६च्या दत्तक व निर्वाह कायद्यातही अपत्य नसलेली सावत्र आई पालक धरली आहे.

तुमच्या लेकावर अशी वेळ येईल असं मला वाटत नाही. पण माझ्याकडं येणाऱ्या बायकांत मी एक पाहिलंय. जिचं डोक्यावरचं छप्पर मुलाच्या मायेवर टांगलेलं असतं, ती त्याच्या प्रत्येक फोनचं वजन करत बसते. आज किती बोलला, काल किती. तुमचं राहणं-खाणं तुमच्या हक्काचं असलं की मायेकडून तेवढी एक मागणी कमी होते.

द्राक्षबाग_तासगाव:

वकीलताई, पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. मी जिवाचं विचारतेय आणि या जमिनीचं सांगतायत. रात्री परत वाचलं. फोनचं वजन करण्याचं लिहिलंत ते माझंच आहे. सातबारा यांच्या आणि चुलत दिरांच्या नावानं सामाईक आहे, माझं नाव कुठंच नाही. छाटणीनंतर यांच्याशी बोलते.

औशाच्या भावा, तुमचं लिहिणं मी यांना वाचून दाखवलं. ते बागेत गेले नाहीत, बसून ऐकलं. तुम्ही खोटं समाधान दिलं नाहीत, त्याबद्दल तुमचे उपकार मानते. नातेवाइकांत ज्यांना ज्यांना कळलं ते सगळे म्हणतात, अगं मनातून त्याचं तुझ्यावर फार आहे, दाखवत नाही. मला ते ऐकवत नाही. मी त्याला वाढवलंय, त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. मावशीला बघितल्यावर त्याचा चेहरा जसा उजळतो तसा मला बघून उजळत नाही. हे मी दारात उभी राहून बघितलंय.

थोरलीशी माझं भांडण नाही, हेही सांगायला हवं. तिचा चांदीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात आहे, रोज हळदकुंकू मीच लावते. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालते. तिला काय आवडायचं ते सासूबाईंकडून विचारून घेतलं होतं. वरणफळं, आणि भरपूर तूप घातलेला गव्हाचा शिरा. नवमीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला करू देत नाही. लेक लहान होता तेव्हा चुलीपाशी येऊन बसायचा आणि विचारायचा, आईला पोचलं का? मी म्हणायची, पोचलं. मग तो जेवायचा. त्या दिवशी तो माझ्या सगळ्यात जवळ असायचा, आणि जवळ असायचा तो तिच्यासाठी. मला ते तेव्हाही कळत होतं. तरी तो दिवस मला प्रिय होता, अजून आहे.

म्हणून मला कधीकधी वाटतं, मला काही कमी पडलं नाही. माया करायला मिळाली. नाहीतर एवढी माया घेऊन मी कुठं गेले असते? आणि मग झालीचं आठवतं आणि परत हिशेब सुरू होतो. दोन्ही खरं आहे. कुठलं एक धरून बसावं ते कळत नाही.

पंढरपूर_महाद्वार:

माउली, दोन्ही धरा. एकच धरायला कुणी सांगितलंय?

मी पंढरपुरात जन्मले, इथंच दिली. बाहेरचे लोक फोटोत विठ्ठल-रखुमाई शेजारी शेजारी बघतात आणि इथं आल्यावर चकित होतात, कारण रुक्मिणीमातेचं देऊळ वेगळं आहे. त्याच आवारात, पण मागच्या बाजूला, तिचा गाभारा तिचा. देवाचं दर्शन घेऊन मग तिच्याकडं जायचं. आमची आजी सांगायची, ती रुसून आलीय. द्वारकेत देवाजवळ राधेला बसलेलं पाहिलं आणि कुणाला न सांगता निघाली, ती दिंडीरवनात येऊन बसली. चंद्रभागेच्या काठाला लखूबाईचं देऊळ आहे, तीच ही, असं आम्ही मानतो. देव तिला शोधत इकडं आला आणि मग पुंडलिकाच्या दारात विटेवर उभा राहिला. म्हणजे अख्खी पंढरी जी वसली ती एका बाईला वाईट वाटलं म्हणून.

हे सांगते ते अशासाठी की तिच्या भक्तीत काही कमी होतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तिनं वाईट वाटून घेतलं, ते दिसू दिलं, आणि तरी ती रखुमाईच आहे. तुम्ही मात्र जीवही लावणार, आणि लागलं तर ते कुणाला दिसू नये म्हणून "चालेल की" म्हणणार. मग ते आत हिशेब होऊन बसणारच. बाहेर यायला त्याला दुसरी वाट कुठं ठेवलीत? दुरडी मागू नका. शेडचं सांगू नका. पण "मला वाईट वाटलं" एवढं तरी त्याला कळू द्या. भांडण म्हणून नाही, माहिती म्हणून.

आणि औशाच्या दादा, तुमच्या आईंना आमचा नमस्कार सांगा.

द्राक्षबाग_तासगाव:

पंढरपूरच्या ताईंचं वाचून काल संध्याकाळी फोन केला. जे झालं ते लिहिते.

मी म्हणाले, झालीचं तू विचारलंस तेव्हा मी चालेल म्हणाले, ते मागं घेत नाही, पण मला वाईट वाटलं आणि ते तुला कळावं म्हणून फोन केलाय. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी म्हणाले, तेव्हा जमलं नाही. तो म्हणाला, "मी सातवीत असताना मावशीला शब्द दिला होता, मम्मी. ती आजारी होती तेव्हा. ती म्हणाली होती, तुझ्या आईची दुरडी मी घेईन." मला हे माहीत नव्हतं. शब्द मोडू नको, असं मीच त्याला सांगितलं आणि ते मनापासून सांगितलं. बहिणीनं बहिणीच्या वाटची दुरडी घ्यायची, तर त्यात मी कुठं येते?

मग मी एक गोष्ट मागितली. त्याच्याकडं काही मागायची ही पहिलीच वेळ. म्हणाले, सूनमुख मी बघणार. आरशात सुनेचं तोंड पहिल्यांदा मी बघणार, साडी मी देणार, आणि ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. तो लगेच म्हणाला, "ते तर तुझंच आहे की. मला वाटलं ते ठरलेलंच आहे." त्याच्या डोक्यात त्याचा प्रश्नच नव्हता. मी ऐकत राहिले. नंतर हसून म्हणाला, "तिला हिरवा रंग आवडतो, बघ."

यानं त्याचा जीव माझ्यावर वाढला असं मी समजत नाही. मावशीचं जे आहे ते तिचं राहील. पण रात्री झोप लागली. हिशेब आज सकाळपासून तरी मनात आला नाही. परत येईलही. आला तर इथं येऊन लिहीन.

यांनी आज स्वतःहून विचारलं, थोरलीचा फोटो लग्नाच्या हॉलमध्ये कुठं ठेवायचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, वरमाईच्या खुर्चीशेजारी, हार मी आणते.

सुनंदाताई, तुम्ही येवल्याच्या आहात म्हणून विचारते. सूनमुखाला मला पैठणी द्यायची आहे, हातमागाची, हिरवी. पैसे माझे आहेत, दुधाच्या खात्यात साठवलेले, यांच्याकडून घेणार नाही. बाजारात हातमागाची म्हणून यंत्रावरची गळ्यात मारतात असं ऐकलंय. ओळखायची कशी?

येवल्याची_सुनंदा:

ताई, पदर उलटा करून बघायचा. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनंही सुलट्यासारखाच दिसतो, कारण नक्षीचे धागे तिथल्या तिथं एकमेकांत अडकवून विणलेले असतात. यंत्रावरच्या साडीत मागच्या बाजूला आडवे मोकळे धागे सुटलेले दिसतात, नाहीतर ते कापून टाकलेले असतात. काठ पण तसाच उलटून बघा. दुकानदार घाई करायला लागला तर उठायचं.

हिरव्यात पोपटी घेऊ नका, फोटोत फिकी पडते. गर्द हिरवा आणि जांभळा काठ, पदरावर मोर. मोराला वेळ लागतो, म्हणून लग्न वैशाखात असेल तर आत्ताच सांगून ठेवायला हवं, मागावर चढवायला आणि उतरायला अवधी लागतो. पदर भरगच्च हवा असेल तर महिनेही जातात. साधा पदर चालत असेल तर तयार मालात मिळून जाईल.

तुम्ही या. येवल्याला उतरलात की निरोप टाका, मी घ्यायला येते. आमच्या गल्लीत चार घरांत माग आहेत. विणताना बघून घ्या, आणि जेवायला आमच्याकडं थांबा. येताना तुमच्याकडचा बेदाणा आणलात तर आनंदानं घेईन, पण विकत.